उलट्या हाताचा नमस्कार

शांत्या, काल तुझ्या तेराव्याला मी तुझ्या लेकीवर ओरडलो. पंगत उठली होती, माणसं पडवीत सुपारी कातरत बसली होती आणि पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मयुरी आतून गिटार घेऊन आली. म्हणाली, "काका, बाबांच्या मशीनवर एक गाणं वाजवते. त्यांना बरं वाटेल." तिने वायर लावली, बटणाकडे हात नेला आणि मी ओरडलो, "हात लावू नको त्याला." पावसातसुद्धा सगळ्यांना ऐकू गेलं. सुपारी कातरणारे थांबले. मयुरीचा हात तसाच हवेत राहिला आणि तिचे डोळे भरून आले. तू गेल्यापासून ती रडली नव्हती म्हणे. मी रडवली.

का ओरडलो ते मग तिथे सांगावंच लागलं. तुला मात्र पाच वर्षांत सांगितलं नाही. म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं ओढून, गल्ल्यावर वही ठेवून बसलोय. दुपारचे तीन वाजलेत आणि दिवे लावावे लागलेत. आत्ताच एकजण पुलावरून येऊन सांगून गेला की सावित्रीचं पाणी तांबडं झालंय आणि ओढ वाढलीय. महाडात एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. शेजारचे माल वर चढवायला लागलेत. मीही चढवीन. आधी हे होऊ दे.

तुझ्या मशीनबद्दल कुणाला सांगायला गेलं की माणसं हसायची. कारखान्यात मेंटेनन्सला असलेला बिरवाडीचा शांताराम घरी बसून गिटारचा आवाज मोठा करणारं अँप बनवतो, तेही व्हॉल्व्हचं, म्हणजे आजोबांच्या रेडिओत ज्या काचेच्या नळ्या पेटायच्या त्या नळ्यांचं. बाजारात एका हाताने उचलता येतील अशी अँप मिळतात, आणि हा माणूस फणसाच्या लाकडाचं, दोघांना उचलावं लागेल असं खोकं करून बसलाय. सगळ्यांत जास्त मीच हसायचो. गिटार वाजवत गाणार मी, हौस तुला, आणि टिंगल करायलाही मीच.

दोन वर्षं ते अर्धवट पडून होतं. नळ्या होत्या, बारा इंची स्पीकर होता, आतला पत्र्याचा सांगाडा तू भंगारातला पत्रा कापून, ठोकून केला होतास. नव्हता तो मोठा ट्रान्सफॉर्मर. त्या नळ्यांना घरच्या विजेपेक्षा चढ्या दाबाची वीज लागते, ती देणारा. तसा एक माझ्या दुकानात, अगदी खालच्या फळीवर होता. माझ्या वडिलांनी कधी काळी तंबूतल्या एका सिनेमाचं सामान भंगारात घेतलं होतं, त्यातला, पाच किलोचा काळा ठोकळा. तू तीनदा मागितलास. मी तीनदा "वडिलांची आठवण आहे" म्हणून नाही म्हटलं. आठवण कसली, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी तो दाराला लावायचो.

मग तो पूर आला. माळ्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या सोडून सगळं दुकान पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर तू चार दिवस रजा टाकून आलास, गमबूट घालून, स्वतःचं फावडं घेऊन. माझे सख्खे भाऊ पनवेलहून फोन करत होते आणि तू चिखल उपसत होतास. पंखे, मिक्सर, वायरची बंडलं, सगळं आपण दोघांनी रस्त्यावर नेऊन ढिगात टाकलं. त्यातला एक मिक्सर मी बाजूला काढला, म्हटलं हा धुऊन सुकवला की चालेल. तू तो माझ्या हातातून घेतलास आणि परत ढिगात टाकलास.

"विल्या, पाण्यात गेलेली वस्तू वरनं सुकते, आतनं नाय सुकत. अशी वस्तू मी लावणार नाय आणि कुणाला लावूनपण देणार नाय."

कुठेतरी अशीच एक मोटर सुकवून लावलेली तू पाहिली होतीस. तिचं पुढे काय झालं ते मी विचारलं. तू फावडं उचललंस.

चौथ्या दिवशी तू निघालास तेव्हा माझ्याकडे तुला द्यायला काही नव्हतं. चहासुद्धा आपण चार दिवस दुसऱ्यांच्या हातचा प्यायलो होतो. मला लाज वाटत होती. तुझी नाही, माझीच. मागच्या बाजूला तो ट्रान्सफॉर्मर मी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला होता. कशासाठी ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तुला जाताना बघितलं आणि तो तुझ्या हातात दिला. "हा माळ्यावर होता," मी म्हणालो. "सगळ्या दुकानातून एवढाच वाचला. तू घे." तू ठोकळ्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि दोन्ही हातांनी घेतलास, प्रसाद घेतात तसा. मला वाटलं, भारावलास.

दिवाळीच्या आधी मशीन सुरू झालं. तू माझ्या हातात गिटार दिलीस आणि मी एक तार छेडली. आवाज कानाला नाही, छातीला लागला. "कसा हाय?" तू विचारलंस. "ठीक आहे," मी म्हणालो. इतका हलकट मी. त्या दिवशी घरी जाताना मोटारसायकल रस्त्याच्या कडेला लावून मी दहा मिनिटं नुसता बसलो होतो. तोच आवाज परत परत आठवत होतो. हेही तुला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर दर रविवारी आपलं भांडण. मला आवाज फाटका हवा, किंचाळणारा, नळी पार ताणलेली. तुला स्वच्छ हवा. "शब्दाच्या आड नाय आला पायजे," तू म्हणायचास. मी सांगायचो, तू एक कपॅसिटर बदलायचास, मी वाजवायचो, तुझं तोंड वाकडं व्हायचं, तू परत जुना लावायचास. शेवटी तू एक बटण बसवलंस: इकडे केलं की तुझा आवाज, तिकडे केलं की माझा. त्या दिवशी आपण दोघं पहिल्यांदा एकाच वेळी खूश होतो. आणि पुढच्याच रविवारी बटण कुठल्या बाजूला ठेवून मशीन बंद करायचं यावर पुन्हा जुंपली. ते भांडण तू असेपर्यंत मिटलं नाही.

कार्यक्रमाला मशीन लावायची तुझी एक रीत होती. आधी बाहेर मातीत लोखंडी सळई ठोकायची, तिच्या बुंध्याशी मिठाचं पाणी ओतायचं आणि तिची वायर मशीनला जोडायची. मग माझ्या पायाखाली लाकडी फळी सरकवायची. मग मशीन चालू करून, नळ्या लाल झाल्या की नमस्कार. आम्ही सगळेच वाद्याला हात लावून कपाळाला लावतो, पण सरळ हाताने. तू उजवा हात उलटा करून बोटांची मागची बाजू पत्र्याला टेकवायचास, डावा हात खिशात घालून. क्षणभर तसाच उभा राहायचास. मग गिटार माझ्याकडे द्यायचास. "हां, आता तू."

काय काय बोललोय मी तुला त्यावरून. देवाला उलटा हात लावणारा तूच एक. महाडच्या त्या हॉलमध्ये तर सगळीकडे फरशी, सळई ठोकायला जागा नाही. तू खिडकीतून वायर बाहेर काढलीस, पावसात फुलझाडांच्या वाफ्यात सळई ठोकलीस, कार्यक्रमाला अर्धा तास उशीर केलास. मी पाहुण्यांसमोर म्हणालो, "शांत्या, तू लाइटवाला आहेस की भटजी?" सगळे हसले. भिजलेल्या डोक्याने तू एवढंच म्हणालास, "तुला वाजवायचं हाय ना? मग थांब."

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात एकदा वाजवता वाजवता माझा ओठ माईकला लागला आणि मुंगी डसल्यासारखं झालं होतं. मी हसण्यावारी नेलं. तू तिथल्या तिथे मशीन बंद केलंस. फळी तेव्हापासून आली.

आता खरं सांगतो. माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, शांत्या. गिटारच्या तारा मशीनच्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि पत्र्यात वीज उतरली तर ती वाजवणाऱ्याच्या बोटांत येते, हे मला काय कळत नव्हतं? ट्रान्सफॉर्मर आतून ओला राहिला असेल तर दमट हवेत वीज पत्र्यात पाझरते, हेही कळत होतं. त्या मुंगीचा अर्थ मला घरी पोचेपर्यंत कळला होता. पण बोललो असतो तर ते जुनं खोटं उघडं पडलं असतं. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर तू दोन शिव्या घालून ठोकळा फेकला असतास आणि विषय संपला असता. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. तिसऱ्या वर्षी वाटलं, चाललंय ना, काही होत नाही. सळई आहे, फळी आहे. तुझ्या ज्या काळजीची मी टिंगल करत होतो, तिच्याच जिवावर मी गप्प होतो.

शुक्रवारी तुझा फोन आला. दुसऱ्या दिवशी पोलादपूरला एका मास्तरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. "उद्या चारला येतोस ना न्यायला? पाऊस लय झालाय, जरा बघून ठेवतो." मी म्हटलं, "बघायचं काय आहे? चालतंय ना?"

"चालतंय," तू म्हणालास. "म्हणूनच बघतो."

मी चारला आलो. अंगणात माणसं उभी होती. डॉक्टर येऊन गेले होते, हार्ट म्हणाले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तुझ्या चालूच होत्या, त्यामुळे कुणाला दुसरं काही वाटलं नाही. मी मागच्या खोलीत गेलो. स्टूल आडवं पडलं होतं, तुझी चप्पल दाराबाहेर होती, जमिनीला ओल आली होती. मशीनची मागची फळी काढलेली, नळ्या गार. आणि अर्थिंगची हिरवी वायर भिंतीवर सुटी लोंबत होती. ती निसटलेली नव्हती, काढलेली होती. टोक नीट वळवून ठेवलेलं. वीज किती पाझरतेय ते बघायचं तर अर्थिंग काढूनच बघावं लागतं, नाहीतर ती गुपचूप जमिनीत जाते आणि हाताला काही कळत नाही. मी ती वायर बघितली आणि तिरडीचे बांबू तोडायला बाहेर गेलो.

दहाव्याला नदीवर मी मनाशी ठरवून उभा होतो. कावळा शिवायला उशीर झाला तर पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि सगळ्यांसमोर बोलून टाकायचं. तू कुठे अडला असशील तर माझ्याचपाशी, अशी माझी खात्री होती. वहिनींनी पिंड ठेवला आणि मागे वळायच्या आत कावळा आला. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती माणसाची. माझ्यावर बोलायची वेळच आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

म्हणून काल मयुरीचा हात बटणाकडे गेला तेव्हा ओरडलो. माणसं पांगल्यावर मी चुलीपाशी जाऊन बसलो. मयुरी दारात उभी होती. म्हटलं, "वहिनी, तो ट्रान्सफॉर्मर माळ्यावर नव्हता. पुरात बुडाला होता. मी शांतारामशी खोटं बोललो."

वहिनींनी उरलेल्या भातावर ताट झाकलं.

"माहीत हाय, भावजी. त्यांनापण माहीत होतं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"आणला त्याच दिवशी त्यांनी टोपण खोललं. आतनं नदीचा चिखल निघाला, वाटीभर. माझ्या आमटीच्या वाटीत काढला, मी वरडले त्यांना. मग महिनाभर हितं चुलीवर शिंक्यात टांगून ठेवला, सुकटीसारखा. वार्निश मारलं. तरी बोलायचे, आतनं नाय सुकला."

"मग बदलला का नाही?"

"मी नाय बोलले का? बोलले, नवीन बनवून घ्या. तर बोलतात, बदलला तर विल्याला कळंल. सगळं दुकान गेलं, एकच वस्तू वाचली ती मला दिली, असं तो सांगतोय. त्याला खोटा कसा पाडू? मी संभाळून घेतो, बोलले. आधी मी हात लावून बघत जाईन, मंग त्याला देईन."

शांत्या, पाच वर्षं मी तुझ्या नमस्काराला हसलो. उलट्या हाताला वीज लागली तर बोटं मिटतात आणि हात पत्र्यापासून सुटतो, सरळ हात चिकटून बसतो. दुसरा हात खिशात असला की वीज छातीतून आरपार जात नाही. कुठलाही वायरमन हे पहिल्या महिन्यात शिकतो. मी हे रोज गिऱ्हाइकांना सांगतो. प्रत्येक मांडवात, प्रत्येक हॉलमध्ये तू माझ्यासमोर स्वतःचा जीव लावून बघत होतास की माझी बोटं वाचतात का, आणि मी म्हणत होतो भटजी.

मला तुझा राग येतोय, तोही ऐकून घे. एकदा म्हणायचं होतंस, "विल्या, खोटारड्या." तुझ्या तोंडून मी ते ऐकून घेतलं असतं. चार दिवस रुसलो असतो, पाचव्या दिवशी नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन तुझ्या दारात आलो असतो. माझी अब्रू एवढी मोठी होती का, की तू ती पाच वर्षं अशी झाकून ठेवावीस? मी माझं खोटं जपत होतो आणि तूही माझंच खोटं जपत होतास. दोघांनी मिळून जपलं ते मशीनच्या पोटात बसलं होतं.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. विचारू नये असं तेरा दिवस ठरवलं होतं. "वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही त्याला पहिल्यांदा बघितलंत. हात कुठे होता त्याचा?"

वहिनी उठल्या, मागच्या खोलीत गेल्या. आम्ही दोघं पाठोपाठ. आपला उजवा हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू मशीनच्या पत्र्याला टेकवली. थोडा वेळ तशीच ठेवली.

"डॉक्टर बोलले, हार्ट होतं," मग त्या म्हणाल्या. "हार्टच असंल. तुमी मनाला लावून घेऊ नका."

त्या दिवशी वीज लागून तुझं हृदय थांबलं, की हृदय थांबलं तेव्हा तुझा हात तिथे होता, हे मला कधीच कळणार नाही. कळलं तरी काय. चारला मी येणार होतो, म्हणून तू तीन वाजता हात लावून बघत होतास. एवढं मला कळतं.

मयुरीने डोळे पुसले. "मग तेवढं काढा ना, काका. मशीन राहू दे. नवीन बसवू." तिने टॉर्च धरला. तू शिकवलंस तसं मी आधी बल्बच्या दोन वायरी लावून आत साठलेली वीज उतरवायला बघितली. बल्ब पेटला नाही, आत काही उरलं नव्हतं. मग चार बोल्ट सोडले आणि ठोकळा उचलून बाहेर घेतला. टोपणाच्या आतल्या कोपऱ्यात, वार्निशखाली, अजून थोडी तांबडी माती होती. मयुरीने तुझं ते बटण दाखवून विचारलं, "हे कुठल्या बाजूला ठेवायचं?" मी म्हटलं, तुझ्या बाबाच्या बाजूला. भांडण तू जिंकलास. ठोकळा मी बरोबर घेऊन आलो.

आता नगरपालिकेचा भोंगा झाला. पाणी चौकात आलंय, शटरखालून वास येतोय, तोच, आपण चार दिवस उपसलेल्या चिखलाचा. समोरचा ओरडतोय, "विलासशेठ, माल चढवा की, काय लिहीत बसलाय." पंखे अजून खालीच आहेत, मिक्सरची खोकी खालीच आहेत. बघतो किती निघतात ते. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एकच वस्तू वर नेली होती. शिडीवर एका हाताने धरवत नव्हती, म्हणून छातीशी घेऊन चढलो. खाली कोरडं पोतं अंथरलं, वरून प्लास्टिक बांधलं.

शांत्या, या वेळी तो खरंच माळ्यावर आहे.